भर आषाढात तवसाळपर्यंत

नेदरलँड्समधल्या शाळांना मोठी सुट्टी लागते ती जुलै-ऑगस्टात. त्यामुळे आमचं कोकणात येणं नेहमी पावसातलं. गुहागर तालुक्यात पालशेतच्या पुढे, लाटांचा आवाज ओटीवर ऐकू येईल इतक्या अंतरावर माझं सासर आहे. दारात हापूसची कलमं आहेत, पण माझ्या मुलांनी त्यांना आंबे लागलेले कधी पाहिले नाहीत. त्यांना ठाऊक आहेत त्या पडवीच्या पागोळ्या, जांभ्याच्या गडग्यावर चढलेलं शेवाळ आणि जेवायला बसलं की हमखास जाणारी वीज.

उट्रेख्तमधल्या मराठी मैत्रिणी विचारतात, पावसात तिथे जाऊन करता काय? बरीच वर्षं आमचं उत्तर ‘घरात असतो’ हेच होतं. मुलं लहान होती, सासूबाईंचे गुडघे दुखतात, आणि पाऊस बघून कुणाचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. या वर्षी आषाढ वद्य चतुर्दशीला आम्ही सहाही जणं दिवसभर बाहेर होतो. ज्यांना शाळेच्या सुट्ट्यांमुळे याच महिन्यांत यावं लागतं, ज्यांच्यासोबत मुलं आहेत आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरेही आहेत, त्यांच्यासाठी तो दिवस जसा गेला तसा लिहिते आहे.

आदल्या संध्याकाळी लेकीने विचारलं, “उद्या पाऊस किती वाजता आहे?” तिकडे बाउएनराडार म्हणून ॲप आहे. पुढच्या दोन तासांत आपल्या गल्लीत सर कधी येणार ते त्यात दिसतं आणि सायकल कधी काढायची ते लोक त्यावर ठरवतात. त्या देशात वर्षभर मिळून साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रोज थोडा थोडा. रत्नागिरी जिल्ह्यात चार महिन्यांत तीन हजारांच्या वर. इथे पाऊस येणार का हा प्रश्नच नसतो, किती येणार एवढंच बघायचं असतं. मी सोलापूरची. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटर झाला तरी आमच्याकडे देवाचे आभार मानतात, त्यामुळे लग्नानंतर मलाही हे नव्यानेच शिकावं लागलं होतं.

किती येणार, यासाठी हवामान खात्याचे रंग बघायचे. ढोबळ मानाने पिवळा म्हणजे काही ठिकाणी २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, नारिंगी म्हणजे २०४.४ पर्यंत, लाल म्हणजे त्याच्याही वर. आमच्या दिवसासाठी पिवळा होता. नारिंगी असता तर आम्ही निघालो नसतो, आणि तुम्हीही निघू नका असंच मी सांगेन. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली, तो दिवस या भागात कुणी विसरलेलं नाही.

दुसरी गोष्ट अप्पांनी पाहिली. अप्पा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर होते, गुहागर तालुक्यातली सगळी वळणं त्यांच्या हातात बसलेली आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभे राहून ते म्हणाले, “चौदा त्रिक बेचाळीस. चाराने भागलं की साडेदहा. साडेदहाला पाणी पुरं.”

किनाऱ्यावरचं हे जुनं गणित आहे. तिथीचा आकडा तिनाने गुणायचा, चाराने भागायचा. येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. शुक्ल पक्षात तेच, वद्य पक्षातही तेच. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. लेकीने मोबाईलवर भरतीचा तक्ता काढून ताडून पाहिलं. थोडक्या मिनिटांचा फरक निघाला. मग तिने पुढच्या पंधरा दिवसांच्या भरत्या वहीच्या मागच्या पानावर स्वतः मांडल्या, आणि अप्पा चष्मा लावून एकेक तपासत बसले. तिचं मराठी अडखळत चालतं आणि अप्पांना डच येत नाही. त्या संध्याकाळी मात्र दोघांचं बोलणं थांबतच नव्हतं.

बेत असा ठरला. साडेदहाला हेदवीची बामणघळ. ती भरतीतच बघायची असते. मग तवसाळला जाऊन जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, गाडीसकट खाडीपलीकडे जयगडला, तिथून मालगुंडला. मालगुंडला कवी केशवसुतांचं जन्मघर जतन केलेलं आहे, शेजारी स्मारक आहे. डोक्यावर छप्पर असलेली आणि मुलांना दाखवावी अशी जागा म्हणून मीच ती सुचवली. आईंची, म्हणजे सासूबाईंची, अट एकच, तिन्हीसांजेच्या आत घरी. दुसऱ्या दिवशी दिव्यांची अवस होती, समया आणि निरांजनं घासायची राहिली होती.

तयारीत एवढंच सांगते की तिकडचे चांगले, महागडे रेनकोट इथे कामाचे नाहीत. ते थंड हवेसाठी केलेले असतात. कोकणात आत घामाने जास्त भिजायला होतं. मुलांनी सुती कपडे घातले, वरून शेतावर वापरतात तशी प्लास्टिकची खोळ, पायांत रबरी चपला. प्रत्येकाचा एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत. आईंनी पहाटे उठून घावणे काढले, ओल्या नारळाची चटणी वाटली, थर्मास भरला.

गाडी नवरा चालवत होता, रस्ता अप्पा सांगत होते. “इथे पहिला गिअर. इथे कड सोड, माती सुटलेय.” वेळणेश्वरला देवळात हात जोडले आणि पाच मिनिटांत निघालो. पाऊस बारीक होता, पण वारा समुद्राकडून सरळ अंगावर येत होता. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या झाप आणि निळ्या ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. धाकट्याला होड्या अशा घरात ठेवल्यासारख्या का, हे सांगताना अप्पांनी गाडी थांबवायला लावली. घाईत सांगून चालणार नव्हतं.

हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ गाडी ठेवून पुढे चालत गेलो. बामणघळ म्हणजे किनाऱ्याच्या काळ्या कातळात पडलेली अरुंद, लांब चीर. भरतीची लाट तिच्या तोंडातून आत घुसते, आत जागा कमी कमी होत जाते, पाण्याला दुसरीकडे वाट नसते, म्हणून ते सगळं एकदम वर उसळतं. अप्पांनी आम्हाला घळीपासून बऱ्याच अंतरावर, वरच्या बाजूला उभं केलं. “इथून पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही,” असं ते नातवंडांना म्हणाले आणि मग तेच आपल्या चाळिशीच्या मुलालाही म्हणाले.

पहिल्या काही लाटा नुसत्याच आल्या. मुलं कंटाळली. मग एक लाट आत गेली, क्षणभर काहीच झालं नाही, आणि कातळाच्या पोटातून असा दणका आला की तो पायांना आधी कळला. पांढरं पाणी दोन पुरुष उंच उठलं आणि वाऱ्याने वाकून आमच्या दिशेने आलं. आम्ही उभे होतो तिथपर्यंत नुसते तुषार पोचले, खारट. धाकटा आजीला घट्ट बिलगला. लेक मात्र जागची हलली नाही. कोणती लाट मोठी हे ओळखण्याचा तिचा प्रयत्न चालला होता, आणि तिला ते येत नव्हतं, अप्पांनाही येत नव्हतं. “म्हणून तर लांब उभं राहायचं गो,” ते म्हणाले.

हे मला कळकळीने सांगायचं आहे. पावसात हा कातळ शेवाळाने बुळबुळीत झालेला असतो, आणि मोठी लाट सांगून येत नाही. आम्ही तिथे असताना काही तरुण मुलं फोटोसाठी अगदी काठाशी गेली. अप्पा पावसात छत्री मिटून त्यांच्याकडे गेले आणि हात जोडून त्यांना मागे घेऊन आले. ती मुलं ओशाळून हसली, पण आली. किनाऱ्याशी ज्यांचं नातं सुट्टीपुरतं असतं त्यांना, म्हणजे आम्हालाही, इथे वाढलेलं एखादं माणूस बरोबर हवं. पावसाळ्यात तर हवंच.

दशभुज गणपतीच्या देवळात आम्ही मुख्यतः कोरडे व्हायला म्हणून बसलो, हे देवाला चालत असावं. दहा हातांची ती पांढरी शुभ्र मूर्ती बघताना धाकटा एकेका हातातली आयुधं मोजत राहिला. बाहेर झड लागली होती. तिथून निघून नरवणवरून तवसाळला पोचेपर्यंत काच पुसणाऱ्या दांड्या एकदाही थांबल्या नाहीत.

आणि तवसाळला जेटीवर कळलं की वारा पडेपर्यंत फेरी बंद.

खाडीच्या तोंडाशी पाणी मातकट झालं होतं, शास्त्री नदी वरून लोंढा घेऊन येत होती आणि समुद्र त्याला अडवत होता. पलीकडचा जयगड मधूनच दिसायचा, मधूनच नाहीसा व्हायचा. जेटीवरच्या माणसाने नीट समजावलं, दुपारी चालू होईल कदाचित, पण पलीकडे गेलात आणि पुन्हा बंद झाली तर रस्त्याने फिरून यायला रात्र होईल. मालगुंड गेलं. माझा हिरमोड झाला, मुलांचा माझ्याहून जास्त. गाडीत बसून आम्ही घावणे खाल्ले. काचा आतून धुरकटल्या होत्या.

तेव्हा मागच्या सीटवरून आई म्हणाल्या, “माहेर इथून जवळ आहे माझं.”

आम्हाला ते ठाऊक होतं. गणपतीला, शिमग्याला कधीतरी जाणं होतं त्यांचं. पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांनी माहेरची भातलावणी पाहिली नव्हती. लावणीच्या दिवसांत सासरीही लावणीच असते. सुनेचे दोन हात कमी करून तिला माहेरी कोण धाडणार? सासरची शेती नंतर कमी झाली, तोवर गुडघे गेले. “आता त्यांची शेवटची खाचरं चालली असतील,” त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

अप्पा नवऱ्याला एवढंच म्हणाले, “गाडी वळव.”

वाटेत एका दुकानातून आईंनी चहा पावडर, साखर आणि फरसाण घेतलं, कारण रिकाम्या हाताने त्या जाणार नव्हत्या. वाडीकडे वळणाऱ्या रस्त्यावर एका पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, बुटकी मोरी आहे. पाणी तिच्या तोंडाला लागलं होतं, पण रस्ता मोकळा होता. गाडी वर ठेवली आणि पाखाडीने खाली उतरलो. आईंचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा नातीच्या.

मामा शेतातच होते. त्यांनी लांबून ओळखलं आणि चिखलातूनच हाक मारली, “आक्का!” मामी घरातून धावत आल्या. “असं न सांगता येतात होय? निदान फोन तरी,” म्हणत त्यांनी सगळ्यांच्या पायांवर कढत पाणी घातलं, आणि चूल पुन्हा पेटवायला गेल्या. सहा माणसं अचानक जेवायला आली, या गोष्टीचा त्या घरावर काही ताण आला आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

जेवण काय होतं ते सांगायलाच हवं. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, सड्यावरून खुडून आणलेल्या टाकळ्याची भाजी, चुलीत भाजलेला सुका बांगडा आणि आमसुलाचं सार. समुद्र बंद असतो तेव्हा उन्हाळ्यात खारवून ठेवलेल्या मासळीवर घर चालतं. शिवाय दोन दिवसांनी श्रावण लागणार होता, त्यानंतर त्यांच्याकडे महिनाभर मासळी नाही. धाकट्याने बांगड्याचे काटे स्वतः काढले. तिकडे त्याला मासा मिळतो तो चौकोनी, काटे काढलेला.

जेवून हात धुतले आणि आई कुणाला काही न बोलता पडवीतून खाली उतरल्या. लुगडं नेसायच्या त्या दिवसांतल्यासारखी त्यांनी साडी गुडघ्यापर्यंत खोचली. नवरा म्हणाला, “आई, गुडघे...” त्यांनी ऐकलं नाही. बांधावरून चिखलात पाय ठेवताना त्या एकदा डुगडुगल्या, मामांनी हात दिला, आणि मग वाकल्या. डाव्या हातात तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ, उजव्या हाताने दोन-तीन रोपं सुटी करून अंगठ्याने चिखलात रोवायची, वीतभर अंतर सोडून पुढची. रोवत रोवत मागे सरकायचं. फार खोल गेलं तर रोप फुटत नाही, वर राहिलं तर पाण्यावर तरंगतं. गडी-बायांच्या ओळीत त्या एका टोकाला होत्या आणि त्यांची ओळ सगळ्यांत सरळ होती.

मुलांना आवरणं शक्य नव्हतं. पण उतरवण्याआधी मी त्यांचे पाय नीट पाहिले. शेतातल्या साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि जखमेतून लेप्टोचा ताप येऊ शकतो. धाकट्याच्या घोट्याला खरचटलेलं होतं, म्हणून त्याला बांधावर बसून मुठी पुरवायचं काम दिलं. तो आधी रडला, मग मामींनी त्याला ‘मुठीवाला’ केलं आणि तो ओरडून विचारू लागला, कुणाला हव्यात? परत आल्यावर सगळ्यांचे पाय साबणाने धुतले. महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना हे आठवणीने सांगायचं, असं मी तिकडे गेल्यावरही मनात धरून होते.

लेक आजीच्या शेजारी उभी राहिली. तिची रोपं आडवी पडत होती. आई न बोलता तिचा हात धरून अंगठा कुठे दाबायचा ते दाखवत होत्या, पुन्हा पुन्हा. मीही उतरले. माझ्या माहेरी ज्वारी. वाळलेल्या भेगांच्या काळ्या जमिनीत आम्ही वाढलो. पोटरीपर्यंतचा गार चिखल, पाठीवर पाऊस आणि शेजारी सासूबाई. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी स्वयंपाकघराबाहेर एकत्र असं काम कधी केलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, “माझी आई त्या बांधापासून सुरू करायची.” पुढे काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांच्या पायांना नंतर मामींनी तेल चोळलं तेव्हा गुडघे सुजले होते. पण त्यांना कुणी थांबवायला हवं होतं असं मला आजही वाटत नाही.

दोनच्या सुमारास पाऊस असा कोसळला की समोरचं खाचर दिसेना. तो थांबला तेव्हा शेजारचा मुलगा सांगत आला, मोरीवरून पाणी जातंय. मी घाबरले. अप्पा आणि मामा मात्र शांत होते. तो पऱ्या खाली खाडीला मिळतो. भरती असताना खाडीच तुडुंब असते, पऱ्याच्या पाण्याला जायला जागा नसते आणि ते मागे तुंबतं. आता ओहोटी चालू होती. “साडेचारला खाडी रिकामी होईल, तोवर हे उतरतं,” अप्पा म्हणाले, “पण त्यानंतर रेंगाळायचं नाही. पाणी फिरलं की पुन्हा चढायला लागेल.”

आम्ही जाऊन उभे राहिलो. मामांनी रस्त्याच्या कडेला पाण्याच्या रेषेवर एक काठी रोवली. अर्ध्या तासात रेषा काठीपासून वीतभर मागे गेली, मग दगड दिसू लागले, मग डांबर. नवरा म्हणाला, आता घालतो गाडी. अप्पांनी मान हलवली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रस्ता उघडा पडून मोरीची दोन्ही तोंडं दिसेपर्यंत, आणि मामा स्वतः चालत पलीकडे जाऊन परत येईपर्यंत त्यांनी गाडी हलू दिली नाही. पाण्याखाली रस्ता आहे की वाहून गेलाय ते वरून कळत नाही, असं ते म्हणाले. एसटी चालवतानाही त्यांनी हेच केलं होतं, प्रवासी कितीही ओरडले तरी.

निघताना लेकीने मामांना विचारलं, पुढच्या वर्षी लावणी कोणत्या तारखेला आहे? मामा हसले नाहीत, त्यांनी विचार करून उत्तर दिलं. तारीख सांगता येत नाही. मृगात पेरतो, पाऊस वेळेवर आला तर. पेरल्यापासून तीन आठवडे, फार तर पंचवीस दिवसांत तरवा काढायला येतो. पहिली खाचरं आर्द्रात, नाहीतर पुनर्वसूत. “पेरलं की फोन करतो. त्यानंतर तीन आठवड्यांनी ये.”

आम्हाला तिकिटं जानेवारीतच काढावी लागतात, नाहीतर चौघांचं भाडं परवडत नाही. नेदरलँड्समध्ये शाळांच्या सुट्टीसाठी देशाचे तीन विभाग केलेले आहेत आणि कुणाची सुट्टी आधी लागणार हे दर वर्षी बदलतं. घरी पोचल्यावर, आई दिवे घासायला बसल्या तेव्हा, लेकीने आमच्या विभागाची पुढच्या वर्षीची तारीख शोधून काढली आणि वहीत मामांच्या नक्षत्रांशेजारी लिहिली. पुनर्वसू ६ जुलैच्या आसपास लागतं. सुट्टी त्यानंतर लागते आहे, म्हणजे पहिली खाचरं आम्हाला मिळणार नाहीत. पण शेवटची दोन आमच्यासाठी ठेवा, असा निरोप तिने अप्पांच्या फोनवरून मामांना त्याच रात्री दिला.